‘फुलमेटल पाह्य’ म्हणजे नेमकी कोणती?

नागपुरात ॲनिमेवाल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका पाहणाऱ्या, कुणाशी ओळख झाली की नारुतो, वन पीस, अटॅक ऑन टायटन ही नावं संपायच्या आत पुढचं नाव येतंच. ‘फुलमेटल अल्केमिस्ट पाह्यलं का बे? नाही? मग काय पाह्यलं तू?’ सल्ला चांगला आहे, फक्त अर्धा आहे. या नावाच्या मालिका दोन आहेत. दोन्ही बोन्स याच स्टुडिओच्या. दोन्हींत एड आणि अल हेच एल्रिक भाऊ, आणि जपानी आवाजही त्याच दोघींचे: एडला रोमी पार्क, अलला रिए कुगिमिया. जपानमध्ये तर दोन्हींचं नावसुद्धा एकच आहे. ‘ब्रदरहूड’ हे शेपूट बाहेरच्या देशांत लावलेलं. एक २००३ ची, ५१ भागांची. दुसरी २००९ ची, ६४ भागांची, तीच ‘ब्रदरहूड’. सुरुवातीचा रस्ता सोडला तर कथा मात्र दोन.

हे ठाऊक नसलं की फुटाळा तलावाच्या काठावर असे संवाद झडतात:

‘राथ सगळ्यात भारी व्हिलन आहे ना बे.’

‘तो? तो तर लहान पोट्टा आहे. अर्धा वेळ किंचाळून राहते नुसता.’

‘पोट्टा काहून? मिशा आहे ना त्याला!’

दोघंही बरोबर आहेत. ख्रिस्ती परंपरेतल्या सात पापांची नावं (राथ म्हणजे क्रोध, स्लॉथ म्हणजे आळस) घेतलेले सात होमुनक्युलस, म्हणजे किमयेतून घडलेली माणसं, दोन्ही मालिकांत आहेत. पण त्यातली काही नावं भलत्याच पात्रांना चिकटवलेली आहेत. २००३ च्या मालिकेतला राथ म्हणजे लांब केसांचं रानटी पोर. ब्रदरहूडमधला मिशीवाला. मिशी कोणाची ते सांगत नाही, पाहणाऱ्याचा घास कशाला काढून घ्यायचा. स्लॉथचं तर त्याहून विचित्र. एकीकडे ती शांत बाई आहे आणि तिचा चेहरा पाहून दोघे भाऊ जागच्या जागी थिजतात. दुसरीकडे तो डोंगराएवढा दांडगा आहे आणि ‘कटकट आहे बुवा’ म्हणत भुयार खोदत बसतो.

ज्यांनी एकही पाहिली नाही त्यांच्यासाठी कथेचं बीज थोडक्यात. आई गेल्यावर दोन लहान भाऊ किमयेच्या जोरावर तिला परत आणायचा प्रयत्न करतात. हे निषिद्ध असतं आणि प्रयोग फसतो. एडचा पाय जातो, अलचं पूर्ण शरीरच जातं. भावाचा आत्मा एका रिकाम्या चिलखताला बांधून ठेवण्यासाठी एड वर हातही देऊन बसतो. मग शरीरं परत मिळवायला दोघं परिसाच्या शोधात निघतात. इथपर्यंत दोन्ही मालिका सारख्या.

वाट फुटली ती वेळेमुळे. हिरोमु अराकावा यांचा मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ मध्ये ‘शोनेन गांगान’ या मासिकात सुरू झाला. मासिक म्हणजे महिन्याला एक प्रकरण. मालिका ऑक्टोबर २००३ मध्ये आली आणि तिला दर आठवड्याला एक भाग हवा होता. जेमतेम दोन वर्षांचा माल हातात असताना वर्षभराची मालिका उभी करायची, तर मांगा कधीतरी संपणारच. अशा वेळी बहुतेक स्टुडिओ फिलर घालतात. मूळ कथा पुढे सरकेपर्यंत पात्रांना कुठल्यातरी गावी हिंडवून आणायचं आणि नंतर काही झालंच नाही असं दाखवून परत मूळ रुळावर यायचं. नारुतो पाहिलेल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि लेखक शो आइकावा यांनी तसं केलं नाही. त्यांनी मूळ लेखिकेला अंधारात न ठेवता आपला स्वतःचा शेवट लिहिला, आणि त्या शेवटाकडे नेणारी पेरणी बरीच आधीपासून केली. नागपूर स्टेशनातून निघालेल्या दोन गाड्यांसारखं आहे हे. एक इटारसीला जाते, एक गोंदियाला, आणि इटारसीला पोचलेल्याला ‘तू गोंदियाला चुकीच्या मार्गाने गेलास’ म्हणण्यात अर्थ नसतो. म्हणून २००३ च्या मालिकेला ‘अर्धी फिलर आहे ती’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. फिलर तो, जो काढून टाकला तरी कथेचं काही बिघडत नाही. इथे उत्तरार्धातलं काही काढलं तर शेवटच कोसळतो.

ब्रदरहूड आली एप्रिल २००९ मध्ये, दिग्दर्शक यासुहिरो इरिए. तेव्हा मांगा शेवटाकडे आला होता. जून २०१० मध्ये तो संपला (पुस्तकरूपात २७ खंड झाले) आणि मालिकेचा शेवटचा भाग ४ जुलै २०१० ला दाखवला गेला. वाचकांना शेवट कळून महिना व्हायच्या आत तोच शेवट पडद्यावर. म्हणजे ब्रदरहूड हा २००३ च्या मालिकेचा दुसरा सीझन नाही आणि तिची नव्याने काढलेली आवृत्तीही नाही. तो मांगाचा ॲनिमे आहे. दोघींचं नातं मायलेकींचं नाही, चुलत बहिणींचं.

हंटर एक्स हंटर, फ्रूट्स बास्केट यांच्याही दोन-दोन मालिका आहेत, पण तिथे घोटाळा एवढा नाही. नवीच पाहा असं सांगून मोकळं होता येतं. फुलमेटलच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही.

फरक एका प्रसंगात स्वच्छ दिसतो. शू टकर नावाचा किमयागार, त्याची छोटी मुलगी नीना, आणि अलेक्झांडर नावाचा भला मोठा पांढरा कुत्रा. ब्रदरहूडमध्ये हा प्रसंग चौथ्या भागात येतो. एड पंधरा वर्षांचा, सरकारी किमयागार होऊन बसलेला. टकरची पुस्तकं चाळायला दोघं त्याच्या घरी जातात, वाचता वाचता नीनाशी खेळतात, आणि भाग संपायच्या आत व्हायचं ते होऊन जातं. चोवीस मिनिटांत ओळख, माया आणि आघात. धक्का जोरात बसतो, नाही असं नाही.

२००३ मध्ये यालाच सहावा आणि सातवा असे दोन भाग दिले आहेत. इथे एड अजून बारा वर्षांचा आहे, सरकारी किमयागाराच्या परीक्षेची तयारी करतोय, आणि दोघं भाऊ टकरच्या घरी राहायलाच आहेत. त्या घरातलं जेवण, अभ्यास, नीनाचा दंगा सगळं सवयीचं होत जातं. मधेच एडचा वाढदिवस ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी साजरा होतो आणि त्याच दिवशी ह्यूजच्या बायकोला मुलगी होते. जन्म कसा होतो हे किमयेची एवढी पुस्तकं पाठ असलेली दोन पोरं पहिल्यांदा जवळून अनुभवतात आणि तोंडात बोट घालून उभी राहतात. पाठोपाठ टकरच्या घरातला तो प्रकार. जन्माला लागूनच हे ठेवणं योगायोगाने झालेलं नाही. ब्रदरहूड पाहून माझ्या पोटात गोळा आला. २००३ चे ते दोन भाग पाहून मी मालिका काही दिवस बंदच ठेवली.

हाच वेग सगळीकडे आहे. आणखी एक मोठी घटना आहे, एका टेलिफोन बूथपाशी घडणारी. पाहिलेल्यांना कळलं असेल. ब्रदरहूड तिथे दहाव्या भागात पोचते, २००३ ची पंचविसाव्यात. ब्रदरहूडची सुरुवात धावती आहे, कारण तो भाग लोकांनी सहाच वर्षांपूर्वी पाहिला आहे हे करणाऱ्यांना ठाऊक होतं. खाणकामगारांच्या युसवेल गावाची गोष्ट तर जवळजवळ गाळलीच आहे. त्याऐवजी पहिल्याच भागात एक बर्फवाला किमयागार आणून सगळ्या पात्रांची हजेरी घेतली आहे, आणि नव्या माणसाला त्यातलं निम्मं कळत नाही.

मात्र पहिले पंधरा भाग ओलांडले की ब्रदरहूडला दम चढतो तो शेवटपर्यंत उतरत नाही. शिंग देशाहून आलेले लिंग आणि मे, ब्रिग्जच्या बर्फाळ किल्ल्यावरची ऑलिव्हिये आर्मस्ट्राँग, ही पात्रं २००३ मध्ये नाहीतच, आणि ती नसणं हे त्या मालिकेचं मोठं नुकसान आहे. अराकावा जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर दुधाच्या धंद्यातल्या शेतकरी घरात वाढल्या. कामाला वाघ असलेल्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या बायका त्यांच्या कथेत जागोजागी भेटतात, ऑलिव्हिये त्यांची राणी. खलनायकही ब्रदरहूडचा सरस. २००३ च्या मालिकेतली शेवटची प्रतिस्पर्धी मला कधी पटली नाही. ती फार बोलते आणि तिची भीती वाटत नाही.

विनोदाचं मात्र उलट. ब्रदरहूडमध्ये गंभीर प्रसंग रंगात आला की मधेच एड ठेंगणा बाहुला होऊन ‘बुटका कोणाला म्हणतो’ म्हणून उसळतो. मांगाच्या पानावर ते खपतं, पडद्यावर रसभंग होतो. २००३ मध्येही हे आहे, पण जरा हात राखून.

आता खरा फरक, आणि इथे थोडा स्पॉयलर आहे. दोन्ही मालिका एका नियमावर उभ्या आहेत. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. २००३ च्या मालिकेत सुरुवातीलाच अलच्या आवाजात हा नियम ऐकू येतो, आणि मग ५१ भाग मालिका एकच प्रश्न टोकरत राहते: हा नियम खरा आहे की पोरांनी स्वतःची समजूत घालायला धरून ठेवलाय? राबणाऱ्याला मिळतंच का? उत्तर गोड नाही. किमयेच्या दारापलीकडे काय आहे याचं उत्तर तर अजूनच अंगावर येतं, कारण पलीकडे आपलंच जग आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, महायुद्धाच्या धुरातलं.

ब्रदरहूड नियमाला खोटं ठरवत नाही, त्यात माणुसकी घालते. दहा घेतले तर स्वतःचा एक घालून अकरा परत करायचे, असं तिथे पोरं ठरवतात. दारापाशी बसलेलं ‘सत्य’ नावाचं ते पांढरं, दात विचकणारं प्रकरण शेवटी एडकडून काय किंमत घेतं, आणि एड ती किती सहज देतो, तो प्रसंग मी मान्य करतो की २००३ च्या शेवटापेक्षा चोख जुळलेला आहे. एकीत दुःखाचा हिशेब जुळत नाही, एकीत जुळतो. कुणाला कोणती भावेल ते इथेच ठरतं.

इश्वलचं युद्ध, म्हणजे सरकारी सैन्याने इश्वली लोकांचा केलेला संहार, दोन्हीकडे आहे. अराकावांनी इश्वलींसाठी होक्काइदोतल्या ऐनू या मूळ रहिवाशांच्या इतिहासाचा आधार घेतला आहे. पण २००३ ची मालिका इराक युद्धाच्या वर्षी आली, आणि वाळवंटातल्या लिओर गावात शिरणारं सैन्य पाहताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रदरहूडमध्ये त्याच युद्धातले सैनिक आपल्या हातून काय झालं याचा जाब स्वतःलाच विचारतात. हे भाग दोन्हींत उत्तम आहेत, आणि लोक नेमके हेच भाग घाईत ओलांडतात.

मग सुचवायची कोणती? नववी-दहावीतला भाचा विचारत असेल तर ब्रदरहूड, डोळे मिटून. पूर्ण गोष्ट, भरपूर मारामारी, पक्का शेवट. चोवीस मिनिटांच्या हिशेबाने साधारण साडेपंचवीस तास होतात. मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच, आठवड्यात उरकतं. (कूलर फुल स्पीडवर असेल तर डबच्या नादी लागू नका. एक शब्द ऐकू येणार नाही, सबटायटल्स वाचा.) ज्याला धीर आहे, ज्याला उदास गोष्टींचं वावडं नाही, त्याने आधी २००३ ची पाहावी, वीसेक तासांची आहे. मग ब्रदरहूडची घाईची सुरुवात उजळणीसारखी निघून जाते. उलट क्रमाने पाहणारे बहुतेक जण तिसाव्या भागाशी येऊन ‘हे मांगात नाही’ म्हणत सोडून देतात. मायॲनिमेलिस्ट या ॲनिमेला गुण देणाऱ्या वेबसाइटवर ब्रदरहूड वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर होती, ‘फ्रिरेन’ ही मालिका आल्यावर ती खाली सरकली. तो नंबर पाहून ‘२००३ ची खराबवाली आहे’ सांगणारे पोट्टे पुष्कळ. त्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहे, ते विचारून बघा.

कोणती सुरू केली ते ओळखायची खूण सोपी. पडदा जवळजवळ चौकोनी असेल आणि फसलेल्या प्रयोगानंतर दोघं भाऊ वाळवंटातून चालत असतील तर २००३ ची. पडदा रुंद असेल आणि पहिल्याच भागात राजधानीत बर्फ उसळत असेल तर ब्रदरहूड.

चित्रपटांचं तेवढं सांभाळा. २००५ चा ‘कॉन्करर ऑफ शंबाला’ हा २००३ च्या मालिकेचाच पुढचा भाग आहे. तो १९२३ च्या म्युनिकमध्ये घडतो, हिटलरच्या फसलेल्या उठावाच्या दिवसांत. ब्रदरहूड संपवून तो लावला तर हे सगळे जर्मनीत कसे पोचले ते शेवटपर्यंत कळणार नाही. २०११ चा ‘द सेक्रेड स्टार ऑफ मिलोस’ ब्रदरहूडच्या बाजूचा, नाही पाहिला तरी काही अडत नाही. आणि २०१७ चा, खऱ्या नटांना घेऊन केलेला जपानी सिनेमा कोणी सुचवलाच, तर त्याला सरळ विचारा, ‘म्या तुझं काय घोडं मारलं बे?’