नेट पावसानं नाही, सागाच्या पानांनी जातं

पावसाळा लागला की रामटेक-पारशिवनीकडं कुणालाही विचारा, एकच उत्तर, "पाणी आलं ना, नेट गेलं." टीव्हीच्या डिशबाबत हे खरंच आहे, तिचा सिग्नल 11-12 गिगाहर्ट्झचा असतो आणि जोराची सर त्याला खाऊन टाकते. पण गावानं मिळून उभ्या केलेल्या वायफाय नेटवर्कमध्ये दोन गावांतली लिंक सहसा 5.8 गिगाहर्ट्झवर चालते, तिथं मुसळधार पावसातही फारसा फरक पडत नाही.

असं नेटवर्क म्हणजे, जिथवर फायबर पोचलंय तिथून पोलवरच्या अँटिनानं सिग्नल पुढच्या गावाला द्यायचा, तिथून त्याच्या पुढच्या, आणि देखभाल गावातल्याच पोरापोरींनी करायची. स्पेनच्या कॅटलोनियात खेड्यांना धड ब्रॉडबँड मिळत नव्हतं म्हणून 2004 मध्ये लोकांनी गुईफी नावाचं नेटवर्क असंच सुरू केलं, आज त्याचे हजारो नोड, म्हणजे जोडणीची ठिकाणं, आहेत. आपल्याकडं धरमशालेच्या डोंगरात एअरजल्दी या संस्थेनं हेच करून दाखवलं. आपल्या जिल्ह्यातही सहज जमेल, असं मला मनापासून वाटतं.

मग पावसाळ्यात लिंक का पडते? आता नीट बघा, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. समोरचा पोल दिसतोय म्हणजे काम झालं असं वाटतं, पण रेडिओ लहर एका रेषेत जात नाही, तिला मधोमध फुगलेली मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. 5.8 गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण 5.2 सेंटिमीटर, सरळ रेषेपेक्षा तिच्या निम्म्यापर्यंत म्हणजे 2.6 सेंटिमीटरपर्यंत जास्त लांब पडणारे सगळे रस्ते या झोनमध्ये येतात. पाच किलोमीटरचा दोर ताणून बांधा, त्याला फक्त 2.6 सेंटिमीटर ढील द्या आणि मधोमध वर उचला, तो 8 मीटर वर येतो! म्हणजे नजरेच्या रेषेच्या चहूबाजूंनी मधोमध 8 मीटरचा झोन, आणि त्यातला 60 टक्के तरी, म्हणजे जवळपास 5 मीटर, मोकळा पाहिजेच. 2.4 गिगाहर्ट्झवर पानं थोडी कमी त्रास देतात पण झोन साडेबारा मीटरचा होतो, त्यामुळं पोल आणखी उंच लागतो.

सर्व्हे होतो एप्रिलात, तेव्हा साग उघडा असतो, पोल लख्ख दिसतो. जुलैत त्याच फांद्यांवर हातभर लांब, पाण्यानं भरलेली पानं येतात आणि ते पाणी लहरी शोषून घेतं. पाऊस आणि पानं एकाच महिन्यात येतात म्हणून आळ पावसावर.

दुसरा आळ पोलवरच्या रेडिओच्या डब्यांवरच, यांच्या रेडिएशननं संत्र्याचा बहार गळतो म्हणे. रेडिओची ताकद एक वॅटच्या आसपास किंवा कमीच, बहार गळतो तो बुरशीनं, पाण्याच्या ताणानं, खत कमी पडल्यानं. पोल उखडून काही होणार नाही, बागेची माती तपासून घ्या.

आणि लिंक टाकायची असेल तर सर्व्हे ऑगस्टमध्ये करा, एप्रिलातच करावा लागला तर मधल्या झाडांचा शेंडा मोजून पाच किलोमीटरच्या लिंकला त्याच्या वर 5 मीटर धरा. पोल तेवढा उंच करणं परवडत नसेल तर आधी गावातली पाण्याची टाकी बघा, ग्रामपंचायतीनं हो म्हटलं की अँटिना तिच्यावरच लावता येतो.