एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा खटका) तर लावलेली होती, मग आईला कूलरचा करंट लागला कसा?

मागच्या मे महिन्यात अमळनेरला आई कूलरमध्ये पाणी टाकत होती, पाय अनवाणी, फरशीवर पाणी सांडलेलं, पत्र्याच्या बॉडीला हात टेकला आणि जोरात झटका बसला. हात मागे फेकला गेला म्हणून वाचली, धरून राहिला असता तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. शेजारच्या काकू पळत आल्या, "कूलर करंट मारस का?" एवढंच विचारत राहिल्या. वायरमनला बोलावलं तर त्याने बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाला, दादा सगळ्या एमसीबी नवीन आहेत, एकही पडलेली नाही म्हणजे फॉल्ट नाही.

हे वाक्य मी जळगाव, धुळे, पारोळा सगळीकडे ऐकलंय आणि ते साफ चुकीचं आहे. एमसीबी माणसाला वाचवायला नसतेच. ती वायरीला वाचवते. माणसाला वाचवते ती दुसरी वस्तू, जिला दुकानात आपण ईएलसीबी म्हणतो आणि जिचं आजचं बरोबर नाव आरसीसीबी आहे. (जुन्या ईएलसीबी अर्थिंगच्या वायरीवरचं व्होल्टेज बघून पडायच्या, आता मिळतात त्या वेगळ्या तत्त्वावर चालतात, पण नाव तेच तोंडात बसलंय. दुकानात ईएलसीबी मागितली तरी आरसीसीबीच देतात.)

आधी एक साधा हिशोब करू. घरातलं व्होल्टेज २३० आणि ओल्या अंगाचा रेझिस्टन्स ढोबळ १००० ओहम धरला तर अंगातून ०.२३ अँपिअर म्हणजे २३० मिलिअँपिअर करंट जातो. साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० च्या पुढे करंट थोडा वेळ जरी छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडायचा धोका सुरू होतो. आता जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, तो ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीला करंट लागलेला माणूस एका बल्बपेक्षाही हलका लोड वाटतो. ती कशाला पडेल? ती खराब नाही, तिचं ते कामच नाही.

एमसीबीच्या आत दोन गोष्टी असतात. एक दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, जास्त करंट बराच वेळ वाहिला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. दुसरी कॉइल, शॉर्ट सर्किट झालं की तिच्या चुंबकाने खटका तत्क्षणी पडतो, सी टाइपची (सी१६ वगैरे लिहिलेली) असेल तर रेटिंगच्या म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या ५ ते १० पटीत. पट्टीवालं काम हळू चालतं, १६ च्या एमसीबीतून २३ अँपिअर गेले तर पडायला तासभरसुद्धा लागू शकतो. आणि आपल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं असं अजून एक, हे आकडे ३० डिग्री तापमान धरून ठरवलेले असतात. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये असला तर आत अजून जास्त, मग पट्टी आधीच तापलेली असते आणि एमसीबी दुपारी कमी लोडवरही पडते. अशा वेळी लोक सरळ मोठी एमसीबी टाकतात, १६ काढून ३२, आणि वायर तीच जुनी बारीक. हे अजिबात करू नका. एमसीबी पडत नाही मग आतली वायर तापते, इन्सुलेशन वितळतं, आग तिथूनच लागते.

आरसीसीबी करंट किती आहे हे बघतच नाही. ती फक्त गेला तेवढा परत आला का हे बघते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी तिच्या आतल्या एका गोल कोअरमधून (चुंबकत्व धरणाऱ्या कड्यातून) जातात. सगळं ठीक असेल तर फेजने जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलने परत येतो, दोघांचं चुंबकत्व एकमेकाला मारून टाकतं. पण थोडा करंट कूलरच्या बॉडीतून, आईच्या अंगातून, ओल्या फरशीतून जमिनीत गेला की परत येणारा कमी पडतो, त्या फरकाने कोअरवरच्या तिसऱ्या कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि तो खटका पाडतो. घरातल्या आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो, तोही सेकंदाच्या छोट्या भागात. झटका जाणवतोच, पण जिवावर बेतायच्या आत लाइन तुटते.

लोक म्हणतात आमच्याकडे अर्थिंग आहे ना, मग कशाला. अर्थिंग पाहिजेच, त्यात वाद नाही, अर्थिंग असेल तर बॉडीला करंट आल्याबरोबर कोणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. पण नुसती अर्थिंग आणि एमसीबी ही जोडी आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात फसते. माती वाळते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, रेझिस्टन्स वाढतो. समजा तो २० ओहम झाला. फेज बॉडीला पूर्ण चिकटली तरी २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअरच जमिनीत जाणार, १६ ची एमसीबी पडणार नाही आणि कूलर तसाच करंट धरून उभा. आरसीसीबीला मात्र साडेअकरा अँपिअर म्हणजे तिच्या ३० मिलिअँपिअरच्या जवळपास चारशे पट, ती पडणारच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा, जुने लोक टाकायचे ते उगाच नाही.

बोर्डात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून गोंधळ होतो. एमसीबीवर सी१०, सी१६, सी३२ असं लिहिलेलं असतं. आरसीसीबी रुंद असते, तिच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० एमए किंवा ०.०३ ए लिहिलेलं असतं. हे बटण नसेल तर ती डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी असेल नाहीतर नुसता आयसोलेटर, म्हणजे साधा मेन स्विच, तो स्वतःहून कधीच पडत नाही. बऱ्याच घरात आयसोलेटरलाच लोक ईएलसीबी समजून निश्चिंत बसलेत, आज घरी गेल्यावर बघाच. अजून एक मोठा घोळ, आरसीसीबीवर ४० ए लिहिलेलं असतं ते बघून लोकांना वाटतं ४० अँपिअरला पडेल. नाही. तेवढा करंट ती वाहून नेऊ शकते एवढाच त्याचा अर्थ, ओव्हरलोडला ती पडत नाही, स्वतःच जळेल. म्हणून तिच्यासोबत तेवढ्याच किंवा कमी रेटिंगची एमसीबी लागतेच. दोन्ही कामं एकातच करणारी आरसीबीओ पण मिळते, महाग पडते पण फक्त कूलर-गिझरच्या लाइनला लावली तरी चालते.

आरसीसीबीलाही एक गोष्ट कळत नाही. तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर जमिनीत काही जात नाही, गेलेला सगळा करंट परत येतो, ती तुम्हाला बल्बच समजणार. ती आहे म्हणून चालू लाइनवर काम करायचं नाही.

आता सगळ्यात जास्त त्रास कशाचा तर ती सारखी पडते याचा. पावसाळ्यात गच्चीवरच्या लाइटमध्ये पाणी जातं, जुन्या मोटरीची केबल गळते, किंवा इन्व्हर्टर बसवताना दोन्हीकडचं न्यूट्रल एकत्र केलेलं असतं, मग हिशोब जुळत नाही आणि खटका पडतो. आणि वैतागून लोक ती बायपास करतात. विनंती आहे, असं करू नका. सगळे प्लग उपटा (नुसतं बटण बंद करून भागत नाही, न्यूट्रल जोडलेलीच राहते), आरसीसीबी वर करा आणि एकेक प्लग लावत जा, ज्याला पडेल तो चोर. एकही प्लग नसताना पडत असेल तर फॉल्ट वायरिंगमध्ये आहे, मग वायरमनला बोलवा. न्यूट्रलची भानगड असेल तर इन्व्हर्टरची न्यूट्रल वेगळी करून घ्या. आणि महिन्यातून एकदा टी बटण दाबायचं, पडली पाहिजे, नाही पडली तर बदलायची. फक्त त्या बटणाने अर्थिंग तपासली जात नाही, ती वेगळी मोजून घ्यावी लागते.

आमच्या घरी दुसऱ्या दिवशीच ३० मिलिअँपिअरची बसवली. ओल्या फरशीवरच्या कूलरचा प्लग लावला की लगेच पडायची. उघडून बघितलं तर पाण्याच्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली, आणि प्लग दोन पिनचा, अर्थिंगची हिरवी वायर कोणीतरी कापून टेप गुंडाळून ठेवलेली. पंप बदलला, तीन पिनचा प्लग लावला, हिरवी वायर बॉडीला नीट कसली. आता आई पाणी टाकायच्या आधी बटण बंद करून प्लग काढते, आणि दर महिन्याच्या एक तारखेला टी बटण तीच दाबते.