गाडी मिसिंग मारते तेव्हा आत नक्की काय चुकतं?

गाडी सिग्नलला उभी असते आणि स्टिअरिंगला एक वेगळीच थरथर जाणवते, सायलेन्सरचा एकसारखा आवाज तुटून मधेच फट् फट् होतं, निघताना पिकअप मेलेला, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकायला लागतं. मेकॅनिक मंडळी याला ‘मिसिंग मारतेय’ म्हणतात. म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे जो जाळ व्हायला हवा होता तो झालाच नाही, किंवा अर्धवट झाला. मी इथे पेट्रोल इंजिनाबद्दलच बोलतोय.

ती थरथर जरा मोजून बघा. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एक सिलिंडर एकदाच पेटतो. आयडलिंगला 800 आरपीएम धरले तर एका सिलिंडरमधे मिनिटाला 400 वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा जाळ होतो. चारातला एक सिलिंडर मेला की सेकंदाला सहा-सात हिसके बसतात आणि तेच आपल्या हाताला लागतात.

आता गाडीतल्या कॉम्प्युटरला कसं कळतं की नेमका तिसराच सिलिंडर मेलाय? सिलिंडरच्या आत तर कुठलाच कॅमेरा नसतो. मला ही युक्ती फार आवडते. क्रँकला एक दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत 60 दात्यांची जागा असते आणि ओळखीसाठी त्यातले 2 दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे दर 6 अंशांना एक दाता. समोरचा सेन्सर प्रत्येक दाता जायला किती वेळ लागला ते मोजत असतो. सिलिंडर नीट पेटला की क्रँकला धक्का मिळून वेग किंचित वाढतो, नाही पेटला की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो, आणि तो कुणाच्या पाळीला मंदावला हे कॉम्प्युटरला माहीत असतं. त्यावरून स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पडतो, पी0303 म्हणजे तिसरा सिलिंडर, आणि पी0300 म्हणजे मिसिंग कुठल्या एकाच सिलिंडरला धरून नाही.

दिवा नुसता लागून राहिला तर लवकर दाखवा, पण लुकलुकत असेल तर जोर देऊन चालवूच नका, शक्यतो बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल आणि हवा सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटतात, तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. एका प्लगपायी हा भलामोठा खर्च अंगावर येतो.

जाळ व्हायला तीन गोष्टी लागतात, ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दिलेला दाब. शोध या तिन्हींतच घ्यायचा, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की पार्ट बदलत बदलत शोधू नका. कॉइल ऑन प्लग, म्हणजे प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल, असलेल्या गाडीत साधी अदलाबदल करा, तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर, मग कोड पुसून गाडी फिरवा. कोड पी0302 झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच खराब. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल सुटली, आता प्लगची अशीच अदलाबदल. एक रुपया खर्च न करता उत्तर मिळतं. फक्त इंजिन चालू असताना कॉइल उपटायची नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात.

प्लग बाहेर काढून ठिणगी बघायची जुनी पद्धत आहे तीही फसवते. उघड्या हवेत 1 मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण 3 हजार व्होल्ट पुरतात, पण सिलिंडरमधे हवा दाबली गेल्यावर त्याच फटीला 10-20 हजार किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. म्हणून बाहेर छान ठिणगी देणारा प्लग चढावर, फुल लोडला दगा देतो. त्यात प्लग झिजून फट वाढली की गरज अजून वाढते.

माझ्या गाडीत हेच झालं होतं. आयडलिंगला एकदम शांत, चढावर हिसके. कॉइल वर ओढली तर रबराच्या बुटाला ऑइल लागलेलं, आणि प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ, वरपासून खाली मेटलपर्यंत. वीज टोकाला जायच्या ऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. मूळ दोष व्हॉल्व्ह कव्हरच्या गास्केटचा, तिथून ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरत होतं. नुसता प्लग बदलला असता तर नवाही खराब झाला असता.

प्लगचं टोक पण बोलतं. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ऑइलने ओलं असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील बघा.

ठिणगी ठीक असेल तर इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी, बघा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावा, टिकटिक ऐकू येते, आणि जो गप्प आहे त्याची वायर आधी तपासा. आयडलिंगला मिसिंग आणि रेस दिल्यावर कमी, असं असेल तर इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेला, कुठेतरी हवा चोरून शिरत असण्याची शक्यता मोठी.

स्कॅनरवर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसतं म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायची घाई करू नका. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर उलट अजून पेट्रोल ओततो.

शेवटी कॉम्प्रेशन गेजने मोजा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर गास्केटवर जास्त संशय. यांची दुरुस्ती मात्र इंजिन उघडायचं काम आहे, जाणकाराकडेच द्या.

प्लग घरी बदलणार असाल तर इंजिन गार होऊ द्या, आधी खड्ड्यातली धूळ फुंकून काढा नाहीतर ती सिलिंडरमधे पडते, आणि नवा प्लग पहिले काही आटे नुसत्या बोटांनी फिरवा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा घुसलेला प्लग आटेच खाऊन टाकतो. मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) कंपनीने दिलेल्या आकड्याइतकंच आवळा, कोड पुसा, आणि जिथे हिसके बसायचे त्याच चढावर गाडी नेऊन बघा.