मेडिस्टरकाकर: आधी मीठ, मग दूध

नॉर्वेच्या पूर्व भागात २४ डिसेंबरच्या रात्री बहुतेक घरी रिब्बे असतं: बरगड्यांसकट भाजलेलं, कुरकुरीत कातडीचं डुकराचं मांस. शेजारी उकडलेले बटाटे, शहाजिरे घालून शिजवलेला आंबटगोड कोबी आणि मेडिस्टरकाकर, म्हणजे डुकराच्या खिम्याचे चपटे गोळे. मसाला मोजकाच. मिरी, जायफळ आणि सुंठ. आपल्या फराळातल्या ओळखीच्या चवी.

हे गोळे कापले तर आतून गुळगुळीत, लवचिक आणि रसदार असतात. साध्या खिम्याची टिकी मात्र भुसभुशीत होते आणि रस सोडते. माझ्या मते हा फरक मसाल्यापेक्षा मिठाचा आहे, आणि मीठ कधी पडतं याचा.

अर्धा किलो बारीक, चरबीयुक्त खिम्याला ८ ते १० ग्रॅम मीठ पुरतं. ते दुधाआधी घालून खिमा जोरात मळायचा. स्नायूंच्या तंतूंमध्ये मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट बांधलेलं असतं. मिठाने तंतू फुगतात, मायोसिन सुटून ओलाव्यात विरघळतं आणि खिमा हाताला चिकटू लागतो. हा चिकटपणा आल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुटलेलं मायोसिन चरबीच्या कणांभोवती पातळ पापुद्रा धरतं आणि शिजताना त्याचंच जाळं घट्ट होऊन पाणी व चरबी आत अडकते.

म्हणून सगळं गार हवं. मिश्रण कोमट झालं की चरबी मऊ पडून पसरते, पापुद्र्यात मावत नाही आणि तव्यावर तुपासारखी वेगळी होते. दूधही फ्रीजमधलंच, थोडं थोडं, आधीचं जिरल्यावर पुढचं, दीड डेसिलिटरपर्यंत.

आता बटाट्याचा स्टार्च, दोन मोठे चमचे. मला या पाककृतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. मांस साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की आकसून पाणी सोडू लागतं. बटाट्याच्या स्टार्चचे मोठे दाणे फुगायला सुरुवात होते तीही जवळपास याच तापमानाला. एकाने सोडलेलं पाणी दुसरा लगेच धरतो. गव्हाचं पीठ इतकं पाणी धरत नाही.

पाण्यात बुडवलेल्या चमच्याने गोळे उचलून लोण्यात दोन्ही बाजूंनी तपकिरी करायचे. हा रंग आणि खमंग वास म्हणजे प्रथिनं आणि साखरेतली मेयार्ड अभिक्रिया. तिला साधारण १४० अंश लागतात. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० वर अडकतं, म्हणून तव्यात गर्दी नको. मग आच मंद करून गोळ्याचा मध्य ७० अंशांच्या थोडा पुढे न्यायचा. डुकराचं मांस कच्चं राहता कामा नये. त्याच कारणाने कच्चं मिश्रण चाखायचंही नाही: आधी लिंबाएवढा एक गोळा तळावा, मीठ-जायफळ बघावं आणि मगच बाकीचे तव्यात टाकावेत.