पहिल्या टेकचा आवाज : ‘जॅगेड लिटल पिल’ची पार्श्वभूमी

स्वतःच गाणं लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, असं करणारी मुलंमुली नाशिकमध्ये आता गल्लोगल्ली भेटतात. गंगापूर रोड म्हणा, इंदिरानगर म्हणा, नाशिकरोड म्हणा. घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, एक बऱ्यापैकी माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टेकवून उभी केलेली गादी, की झाला स्टुडिओ. ही मंडळी मिक्सिंगसाठी, म्हणजे आवाज आणि वाद्यं नीट जुळवून घेण्यासाठी, माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : घरी गायलेलं ठेवायचं, की मोठ्या स्टुडिओत जाऊन पुन्हा नीट गायचं? परवा कॉलेजातली एक मुलगी तर हटूनच बसली होती. “दादा, दुसऱ्या कडव्याच्या आधी श्वास ऐकू येतोय, तेवढा कापा ना.” मी कापून ऐकवला. ओळ वेळेवर आली, सुरात आली, पण ती कुणी माणूस म्हणतंय असं वाटेना. श्वास परत जागेवर ठेवला.

हा प्रश्न जुना आहे. त्याच्या मागे मागे जात राहिलं की एका अल्बमपाशी थांबावंच लागतं. अलॅनिस मॉरिसेटचा ‘जॅगेड लिटल पिल’, प्रकाशन १३ जून १९९५. जगभरात ३ कोटींहून जास्त प्रती खपलेल्या या पॉप-रॉक अल्बममधला आवाज हा मुळात एका घरगुती स्टुडिओतल्या डेमोंचा, म्हणजे गाणं कसं होतंय ते बघण्यासाठी केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगचा, आवाज आहे. ते डेमो कसे झाले आणि पुसले का गेले नाहीत, ही खरी गोष्ट आहे.

अलॅनिसचा जन्म १ जून १९७४चा, कॅनडाच्या राजधानीतला, ओटावातला. आईवडील दोघेही शिक्षक. लहानपणीच ती मुलांच्या एका विनोदी टीव्ही मालिकेत झळकली आणि त्या कमाईतून तिने आपलं पहिलं गाणं काढलं. १९९१मध्ये ‘अलॅनिस’ हा अल्बम आला. चकचकीत, नाचायला लावणारं डान्स-पॉप. कॅनडात तो चांगला खपला, तिथल्या संगीताचा जूनो पुरस्कारही, उदयोन्मुख गायिका म्हणून, तिला मिळाला. पुढच्या वर्षीचा ‘नाऊ इज द टाइम’ मात्र तितका चालला नाही. करार दोनच अल्बमचा होता, तो संपला. विशीही न गाठलेली ही मुलगी आपल्या देशात ओळखीची होती आणि तरीही बेकार होती. लोकांच्या डोक्यात तिची प्रतिमा पक्की झालेली, आणि ती प्रतिमा तिला स्वतःलाच नको झालेली. या अडचणीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं असं मला वाटतं.

ती आधी टोरंटोला गेली, मग लॉस एंजेलिसला. अनेक गीतकार-संगीतकारांबरोबर बसून पाहिलं, जमलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये तिला बंदूक दाखवून लुटण्यात आलं, त्यानंतर बराच काळ ती भीतीच्या झटक्यांनी हैराण होती. अशात १९९४मध्ये तिची गाठ ग्लेन बॅलर्डशी पडली. बॅलर्ड हा नामवंत संगीत-निर्माता क्विन्सी जोन्सच्या तालमीत तयार झालेला, मायकेल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’चा सहलेखक. म्हणजे एकेक सूर घोटून घोटून तुळतुळीत करणाऱ्या जगातला कसलेला माणूस. त्याने अलॅनिसचा आवाज तसा घोटला असता तर नवल नव्हतं. त्याने ते केलं नाही, याचं श्रेय त्याला मोकळ्या मनाने दिलं पाहिजे.

सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या बॅलर्डच्या घरच्या स्टुडिओत दोघं बसत. शिरस्ता असा की एका दिवसात एक गाणं. सकाळी हातात काही नसायचं. गप्पा, गिटार किंवा कीबोर्डवर काहीतरी छेडणं, तिचं वहीत लिहिणं, आणि बारा-सोळा तासांनी गाणं लिहून, चाल लावून, रेकॉर्ड होऊन तयार. गायनाला एक टेक, म्हणजे एकदाच गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग, फार तर दोन. पुढे काही गाण्यांतली वाद्यं व्यावसायिक स्टुडिओत नव्याने वाजवली गेली, पण तिथेही मुख्य आवाज डेमोचाच ठेवला. आपण ऐकतो तो आवाज, ज्या दिवशी ते शब्द पहिल्यांदा सुचले त्याच दिवशीचा आहे. गाणं पाठ व्हायच्या आधीचा. गळ्याला अजून ठाऊक नाही की पुढची ओळ कुठे चढणार आहे, कुठे फाटणार आहे.

ज्यांनी रेकॉर्डिंग केलंय त्यांना याची किंमत कळेल. दहाव्या टेकला सूर पक्का होतो, लय बसते, उच्चार स्वच्छ होतात, आणि नेमकं त्याच वेळी गाणाऱ्याला आपण कसे ऐकू येतोय याचं भान यायला लागतं. पहिल्या टेकला ते भान नसतं. ‘ऑल आय रियली वाँट’ हेडफोन लावून ऐका. सुरुवातीलाच तिने स्वतः वाजवलेला हार्मोनिका, ओरखडे काढणारा. मग शब्द येतात ते धो धो. तिची वाक्यं ओळीत मावत नाहीत. गद्यासारखी लांब, मध्येच वळणारी, आणि ती त्यांना कापत नाही, तालावर कोंबून बसवते. त्यामुळे भलत्याच अक्षरावर जोर येतो, श्वास भलत्याच जागी तुटतो. गाण्याच्या मध्यावर ती शांततेविषयी विचारते आणि त्या क्षणी सगळी वाद्यं खरोखरच थांबतात. क्षणभर काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, बिघडलं की काय. मग सगळं पुन्हा अंगावर येतं. ज्या ठिकाणी एखादा जाणता संगीतकार भरणा करेल, तिथे या दोघांनी पोकळी ठेवली.

हे डेमो घेऊन फिरताना नकार मिळाले. अखेर मॅव्हरिक या कंपनीने होकार दिला. ही कंपनी मॅडोनाच्या भागीदारीतली, वॉर्नरच्या छत्राखालची. तिथे नवे कलाकार निवडणारा गाय ओसीरी हा स्वतःच जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. ‘यू ऑटा नो’ या गाण्यासाठी रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडमधले फ्ली आणि डेव्ह नवारो यांनी बास आणि गिटार नव्याने वाजवले. त्यांच्यासमोर आधार होता तो मुख्यतः तिच्या आवाजाचा, त्याच्याभोवती त्यांनी वाद्यं रचली. एरवी वाद्यांचा पाया आधी घातला जातो आणि गायक शेवटी येतो. इथे उलटं झालं, आणि ऐकताना ते जाणवतं : सुरुवातीला ती अगदी कानाशी, दबक्या आवाजात बोलते, बास तिच्या पायात पाय न घालता बाजूने चालतो, आणि ध्रुवपदाला ती सुटली की सगळे तिच्या मागे धावतात.

लॉस एंजेलिसच्या केआरओक्यू या रेडिओ केंद्राने हे गाणं उचललं आणि पाठोपाठ इतर केंद्रांनी. अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या क्रमवारीच्या, यादीत आला तेव्हा पहिल्या शंभरातही नव्हता. ऑक्टोबर १९९५पर्यंत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि सलग नसले तरी एकूण १२ आठवडे तिथे राहिला. फेब्रुवारी १९९६मध्ये चार ग्रॅमी, त्यात वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचाही. तेव्हा ती २१ वर्षांची होती. इतक्या लहान वयात तो पुरस्कार मिळवण्याचा तिचा विक्रम २०१०मध्ये टेलर स्विफ्टने मोडेपर्यंत टिकला. १९९६मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बमही हाच.

आकडे आले तसे शिक्केही आले. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने नोव्हेंबर १९९५मध्ये तिला मुखपृष्ठावर घेतलं, तेही ‘अँग्री व्हाइट फीमेल’ या मथळ्याखाली. संतापलेली बाई. झालं, पुढची कित्येक वर्षं हाच परिचय. ‘यू ऑटा नो’ कुणाला उद्देशून आहे, तो प्रियकर कोण, यावर मैलभर मजकूर छापला गेला. तिने नाव सांगितलं नाही आणि ते योग्यच केलं. दुसऱ्या बाजूने काहींनी तिचे जुने डान्स-पॉपचे अल्बम उकरून काढले : ही तर कालपर्यंत नाचरी गाणी गात होती, आता हिचा राग खरा कशावरून? आणि बॅलर्डसारखा मुरलेला माणूस सोबत असल्यावर लेखणी खरंच हिची का, अशी कुजबुजही झाली. पुरुष गायकाने बाज बदलला की तो ‘प्रयोग’ ठरतो, मुलीने बदलला की ‘बनाव’. मला या टीकेची चीड येते, कारण ती अल्बम न ऐकता केलेली आहे. बारा गाण्यांत नुसता राग कुठे आहे? ‘हेड ओव्हर फीट’ हे चांगला माणूस भेटल्याचं सुख सांगणारं गाणं आहे. ‘हँड इन माय पॉकेट’मध्ये ती आपल्यातल्या एकेक विसंगती मोजते आणि ठीक आहे म्हणते. ‘यू लर्न’ तर सरळ धीर देतं. अल्बमचं नावही त्यातल्याच एका ओळीतून आलंय.

आणि ‘परफेक्ट’. आईबाप मुलाला सांगताहेत : अजून थोडं कर, पहिला ये, मग आम्ही प्रेम करू. सगळं गाणं पालकांच्या तोंडून, तेही जवळजवळ प्रेमळ आवाजात. कॉलेज रोडवर क्लासेसच्या जाहिरातींतले टॉपर्सचे फोटो बघत रोज ये-जा करणाऱ्या मुलांना हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी जेमतेम असलेलं पोरही ते ऐकून गप्प होतं.

नाशिकमध्ये हा अल्बम आला तो केबलच्या वायरीतून. एमटीव्ही आणि चॅनेल व्ही घराघरांत दिसू लागले होते. ‘आयरॉनिक’च्या व्हिडिओतली बर्फाळ रस्त्यावरची गाडी आणि एकाच गाडीत बसलेल्या चार अलॅनिस आज पन्नाशीकडे झुकलेल्या कितीतरी जणांना आठवतात. कॅसेट एकाने घ्यायची आणि बाकीच्यांनी टेपवरून टेपवर उतरवून घ्यायची, अशा पद्धतीने ती हातोहात फिरायची. पण आपल्याकडे तिला ‘चांगली गायिका’ म्हणून ऐकलं गेलं, लिहिणारी म्हणून फारसं नाही. त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. भावगीताने आपल्याला कामाची वाटणी शिकवली : शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. ‘गीतरामायण’ असं उभं राहिलं आणि ते थोरच आहे. त्या कानांना, गाणाऱ्याचेच शब्द आणि त्याचंच आयुष्य त्यात, हा प्रकार परका वाटतो.

तो परका नाही, निदान या जिल्ह्याला तरी नाही. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे, गावोगाव फिरून गायचे. त्यांची हजारो गीतं आंबेडकरी चळवळीने तोंडपाठ केली. त्यांच्या गाण्यात शब्द आणि गळा वेगळे काढता येत नाहीत. दोघांच्या विषयांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि मी त्यांची तुलना करत नाही. एवढंच म्हणतो की लिहिणाऱ्याने स्वतः उभं राहून गायलं की ओळीचं वजन बदलतं, हे नाशिकला शिकायला कॅनडाकडे बघावं लागत नव्हतं. आज घरी गाणी करणाऱ्या मुलांना वामनदादा ऐकवले की ती चमकतात. बहुतेकांनी जयंतीच्या मिरवणुकीत ती गाणी ऐकलेली असतात, पण हा माणूस आपल्यासारखाच लिहून गाणारा होता, असा विचार केलेला नसतो.

अल्बमनंतर अलॅनिस दीड वर्ष दौऱ्यावर होती. तिच्या मागे ड्रम वाजवणारा टेलर हॉकिन्स पुढे फू फायटर्स या रॉक बँडमध्ये गेला. दौरा संपल्यावर थकलेली अलॅनिस भारतात येऊन गेली. १९९८मधल्या ‘थँक यू’ या गाण्यात तिने भारताचं नाव घेऊन आभार मानले.

२००५मध्ये, दहा वर्षं झाल्यावर, बॅलर्डलाच सोबत घेऊन तिने सगळा अल्बम अकूस्टिक, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या, वाद्यांवर नव्याने गायला. आवाज मुरलेला, सूर जास्त स्थिर, श्वासावर पूर्ण ताबा. तांत्रिकदृष्ट्या ती दुसरी आवृत्ती सरस आहे, आणि मी ती मनापासून ऐकतो. पण त्यात एक समजूतदार बाई आपल्या जुन्या दुखण्याबद्दल सांगते आहे. १९९५च्या टेकमध्ये ते दुखणं अजून चालू आहे. हा फरक सगळ्यांत स्पष्ट कळतो तो मूळ अल्बमच्या शेवटी, मुखपृष्ठावर नाव न छापलेल्या ‘युअर हाऊस’मध्ये. एकही वाद्य नाही. प्रियकराच्या रिकाम्या घरात शिरलेल्या मुलीची गोष्ट, नुसत्या गळ्यातून. ओळींच्या मधला प्रत्येक श्वास ऐकू येतो, आणि तो कापावा असं बॅलर्डला वाटलं नाही.

२०१५मध्ये अल्बमला वीस वर्षं झाली तेव्हा त्या काळातले न आलेले डेमोही बाहेर काढण्यात आले. घरच्या रेकॉर्डिंगवर काम करणाऱ्यांनी ते मूळ अल्बमच्या जोडीने ऐकावेत. कुठली गाणी मागे राहिली आणि कुठली पुढे गेली, हे लागोपाठ ऐकताना निवड कशी करतात ते जितकं कळतं, तितकं कुठल्याही कार्यशाळेत कळत नाही.