टेंट गळतोय की घामेजलाय?

(हलका टेंट विकत घेण्याआधी किंवा भाड्याने नेण्याआधी एवढे वाचा)

पावसाळ्यात दर सोमवारी काउंटरवर एक तक्रार ठरलेली: ‘तुमचा टेंट गळतो.’ असा परत आलेला प्रत्येक टेंट आम्ही उभा करतो, अर्धा तास पाइपने पाणी मारतो आणि आतून टॉर्च धरून शिवणी बघतो. बहुतेक टेंट कोरडे निघतात. यात तुमचा वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हे पत्रक.

दोन माणसे टेंटमध्ये रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातून आणि घामातून साधारण अर्धा लिटर पाणी बाहेर पडते. गगनबावड्याच्या ढगात टेंट लावला असेल तर बाहेरची हवाही ओलीचिंब, त्यामुळे ही वाफ फ्लायला (पाऊस अडवणाऱ्या बाहेरच्या कापडाला) आतून लागते आणि तिथेच थेंब धरते. थेंब सगळीकडे सारखे पसरलेले आणि पहाटे वाढलेले दिसले, तर तो घाम. पाऊस लागल्यावर थोड्याच वेळात एका जागी, शिवणीच्या रेषेत झिरपायला लागले, तर ती गळती. त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून आणा. आमच्याकडून घेतलेल्या टेंटची शिवण आम्ही पैसे न घेता सील करून देतो.

घाम पूर्ण थांबत नाही, पण कमी होतो. फ्लायच्या दोन्ही खिडक्या पावसातही उघड्या ठेवा, त्यांच्यावर झाप असते ती त्याचसाठी. ओले पोंचो आणि बूट आत घेऊ नका. ओढ्याकाठच्या खोलगट जागेपेक्षा थोडी वरची, वारा खेळणारी जागा बघा. आत चहा करू नका. वाफेचे सोडा, बंद टेंटमध्ये स्टोव्ह पेटवला तर विषारी वायूने जीव जाऊ शकतो.

फ्लाय ताणून बसवणेही तितकेच महत्त्वाचे. नायलॉन भिजले की सैल पडते, लोंबते आणि इनरला, म्हणजे आतल्या टेंटला, चिकटते. चिकटले की थेंब थेट झोपलेल्याच्या अंगावर. पाऊस लागल्यानंतर अर्ध्या तासाने बाहेर येऊन सगळे तणावे पुन्हा एकदा ओढायचे. हे कोणी करत नाही. पॉलिस्टरची फ्लाय कमी सैल पडते, म्हणून वजन थोडे जास्त असूनही पावसाळ्यासाठी आम्ही तीच सुचवतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. टेंट फाटू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, आणि ‘जरा मोठा असलेला बरा’ म्हणून तो चारही बाजूंनी वीतभर बाहेर ठेवतात. फ्लायवरून ओघळलेले पाणी त्या बाहेरच्या पट्टीवर साचते आणि उताराने सरळ टेंटच्या तळाखाली शिरते. वर माणूस झोपला की त्याच्या वजनाने ते तळातून वर येते. सकाळी मॅट भिजलेली, आणि दोष टेंटला! कागद तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर लहान हवा. मोठा असेल तर कडा टेंटखाली दुमडा. वरच्या बाजूला दुमडलात तर त्याची परात होते. विकत घेतलेल्या टेंटला आम्ही मापाचा कागद कापून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

वजनाबद्दल. दोन माणसांचा डबल-वॉल (फ्लाय आणि इनर असा दुपदरी) डोम, म्हणजे स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटाकार टेंट, २ ते अडीच किलो भरतो. ट्रेकिंग पोलवर (चालताना टेकायच्या काठीवर) उभा राहणारा सव्वा किलोच्या आसपास, आणि नुसती ३ बाय ३ मीटरची सिलनायलॉन (सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनची) ताडपत्री अर्धा ते पाऊण किलो. आकडे बघून सगळ्यांना हलकेच हवे असते. पण पोलवरचा टेंट खुंट्यांशिवाय उभाच राहत नाही, आणि मसाई पठारासारख्या सड्यावर दोन बोटे मातीखाली जांभा लागतो. खुंटी वाकते, आत जात नाही. तिथे डोम बरा. तणाव्याचे टोक लहान दगडाला बांधा आणि त्याच्यापुढे, टेंटच्या बाजूला, मोठा दगड दाबून ठेवा. मऊ लाल मातीत तारेच्या बारीक खुंट्या सुटतात, तिथे वाय आकाराच्या न्या.

एकपदरी टेंट जून ते सप्टेंबर आम्ही भाड्याने देत नाही. काहींना राग येतो. पण त्यात घामाचे थेंब आणि तुम्ही यांच्यामध्ये दुसरे कापडच नसते. नोव्हेंबर ते मेमध्ये खुशाल न्या, दव पुसायला एक फडके सोबत ठेवा. ताडपत्री घेणाऱ्यांनी मच्छरदाणीचा इनरही घ्यावा. विंचू आणि मुंग्या वजन बघून येत नाहीत.

‘टू पर्सन’चा तळ साधारण २१० बाय १३० सेंटिमीटर असतो. ५१ सेंटिमीटर रुंदीच्या दोन मॅट टाकल्या की उरते जेमतेम वीतभर पट्टी. पावसात सॅकही आत येतात, तेव्हा दोघांनी तिघांचा टेंट न्या. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत मुक्काम वाडीवरच्या घरात ठरला असेल तर टेंट घेऊच नका, मॅट आणि सॅकचे कव्हर पुरे. राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, ती आधी काढा.

परत आणताना टेंट ओला असला तर तसे सांगा, आम्ही रागावत नाही. लपवून पिशवीत कोंबलेला टेंट मात्र चार दिवसांत कुबट होतो, आणि पुन्हा पुन्हा असे झाले की आतला पाणी अडवणारा लेप चिकट होऊन सुटतो. तो पुन्हा बसवता येत नाही. म्हणून वाळवण्याचे १०० रुपये लावतो. घरी गच्चीत सावलीला दोन तास टाकून आणलात तर तेही नाहीत. खुंट्या मोजून आणा: डोमला ८, पोलच्या टेंटला ६.