कानशीने घासलेली अक्षरं

जुरासिक पार्कच्या लोगोमधली अक्षरं आठवतात का, जाडजूड, टोकदार, कुऱ्हाडीने छिलल्यासारखी? ती ज्या टाइपफेसवर, म्हणजे अक्षरांच्या वळणावर, बेतलीत त्याचं नाव नॉयलँड, आणि गंमत म्हणजे त्याचा जंगलाशी किंवा डायनासोरशी काडीचाही संबंध नाही. तो जन्मला १९२३ साली जर्मनीत, फ्रँकफर्टला खेटून असलेल्या ओफेनबाखमध्ये, क्लिंगस्पोर नावाच्या टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात. करणारा रुडॉल्फ कोख, कॅलिग्राफीतला दादा माणूस आणि पक्का धार्मिक वृत्तीचा.

आता हे कोपरे आले कुठून? थेट हत्यारातून. शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात प्रत्येक अक्षराची सुरुवात पोलादी पंचपासून व्हायची, म्हणजे पोलादाच्या छोट्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, दांडी तापवून पाण्यात बुडवून कडक करायची, मग ती तांब्यावर ठोकली की साचा तयार, आणि त्या साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की खिळा. यात कोरायचं काम मुख्यतः कानशीचं. आणि कानस ही सरळ चालते. एक घाव घातला की एक सपाट पृष्ठ मिळतं, सरळ कड फुकट, पण गोलाई पाहिजे असेल तर थोडं थोडं फिरवत कितीतरी वेळा घासत बसावं लागतं. एरवीचे कारागीर ते घासत बसायचे कारण त्यांच्यासमोर आधी काढलेलं ड्रॉइंग असायचं आणि अक्षर त्याच्याशी जुळायला हवं असायचं. कोखने ड्रॉइंगच केलं नाही! थेट पोलादावर कोरायला बसला, त्यामुळे कानस जिकडे नेईल तिकडे अक्षर गेलं.

याचा एक परिणाम मला भारी आवडतो. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत लिन बॉइड बेंटनने पंच कोरायचं मशीन काढलं होतं, त्यावर एकच ड्रॉइंग लहानमोठं करून सगळे साइझ कोरता यायचे. कोखने मात्र प्रत्येक साइझचे पंच हाताने वेगळे कोरले, त्यामुळे लहान साइझचं अक्षर आणि मोठ्या साइझचं तेच अक्षर शेजारी ठेवलं तर फरक दिसतो, भावंडांसारखा नाकडोळा सारखा पण जुळं नाही. आज कॉम्प्युटरवर नॉयलँडच्या नावाने जे मिळतं त्यात बहुतेक एकच आकार सगळ्या साइझला ताणलेला असतो, म्हणजे मूळची मजा तिथेच संपली.

दुसरं म्हणजे यात फक्त कॅपिटल अक्षरं आहेत. खाली लोंबणाऱ्या शेपट्या जवळपास नाहीतच, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवून लावता येतात आणि पानावर काळाकुट्ट ठोकळा उभा राहतो, लाकडी ठशाने छापल्यासारखा. पोस्टरला, पुस्तकाच्या नावाला झकास. पण परिच्छेद लावायला जाऊ नका, डोकं दुखेल.

का दुखतं त्याचं गणित सोपं आहे. चांगल्या डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढी (एका अंशाचा साठावा भाग) फट वेगळी दिसते, म्हणजे १० मीटरवरून जेमतेम ३ मिलिमीटर आणि १०० मीटरवरून ३ सेंटिमीटर. रोमन ई (E) घ्या. तीन आडव्या पट्ट्या, मध्ये दोन फटी. पट्टी आणि फट सारखीच जाड ठेवली तर १०० मीटरवरून वाचायला १५ सेंटिमीटर उंचीचा ई पुरतो. आता पट्ट्या फटींच्या दुप्पट जाड करा, फट तीच ३ सेंटिमीटर ठेवायची तर ई होतो २४ सेंटिमीटरचा. थोडक्यात जाडी फुकट मिळत नाही, बोल्ड केलं की अक्षर मोठंही करावं लागतं, नाहीतर लांबून नुसता काळा डाग दिसतो. (होर्डिंग करणाऱ्या काही मंडळींना हे कोणीतरी सांगा रे.) त्यात डोळ्याचे नखरे वेगळेच, आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते म्हणून ती जरा बारीक करावी लागते, आणि रोमन ए (A) चं टोक बाकीच्यांच्या बरोबरीने ठेवलं तर ते बुटकं वाटतं म्हणून थोडं वर काढावं लागतं.

मग जंगल कुठून चिकटलं? हाताने कोरलेलं, ओबडधोबड म्हणजे 'आदिम' असं एक समीकरण पाश्चात्य डोक्यात बसलेलं होतं. अमेरिकेत आफ्रिका किंवा कृष्णवर्णीयांबद्दलच्या पुस्तकांच्या कव्हरवर नॉयलँड सर्रास वापरला गेला, तिथून तो सफारी आणि साहसकथांच्या पाट्यांवर गेला. यावर तिकडच्या डिझायनर लोकांनी चांगलीच टीका केलीय आणि मला ती पटते. जर्मन कारागिराची कानस अख्ख्या खंडाच्या नावावर खपवायची हा काय प्रकार?

देवनागरीत असं काही करायचं तर अडचण आणखी वाढते कारण आपल्याकडे अक्षरं उभी रचली जातात, वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये टेको नावाचा चौकोनी वळणाचा फॉन्ट काढला, देवनागरी आणि रोमन दोन्ही, फुकट मिळतो, हेडलाइनला बरा दिसतो. असला कुठलाही जाड फॉन्ट निवडायच्या आधी त्यात 'महाराष्ट्र' टाइप करायचं, स्क्रीनपासून चार पावलं मागे जायचं आणि ष्ट्र मधल्या फटी अजून दिसतात का ते बघायचं.